दीड मीटर

ड्रू पेडरसन मला पहिल्यांदा भेटला तो त्याच्या घराखाली.

आमच्या एलिसबरोत, ब्रिस्बेनच्या उत्तरेला नदीकाठी वसलेल्या या गावात, जुनी घरं लाकडी खांबांवर उभी असतात. चॅपल स्ट्रीटवरच्या घरांचे खांब तर बुटके. जमीन आणि तुळया यांच्यामध्ये जेमतेम रांगण्यापुरती जागा. मी बॅटरी दातांत धरून, गुडघ्यांवर, खांब मोजत चालले होते. चौदा... पंधरा... सोळाव्या खांबाआड दोन बूट दिसले. बुटांत पाय होते.

"घाबरू नका," बुटांच्या दिशेकडून आवाज आला. "मी इथेच राहतो."

मी दातांतली बॅटरी हातात घेतली. "घराखाली?"

"नाही, वर. खाली फक्त वाळवी बघायला येतो. आणि तुम्ही?"

"नगरपालिकेच्या वारसा विभागातून आलेय. जुन्या घरांची नोंद करतेय. मालकांना तसं पत्र गेलंय... सतरा नंबरच्या."

"सतरा नंबर शेजारी," तो म्हणाला. "हा एकोणीस."

मी दचकून उठायला गेले आणि डोकं तुळईवर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोवर तो रांगत जवळ आला होता. भुवयांवर लाकडाचा भुसा, गालावर ओरखडा, आणि हसू दाबून धरलेलं तोंड. त्याने माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि माझ्यावर नाही, तुळईवर उजेड टाकला. बोट फिरवून नीट पाहिलं.

"तुळई शाबूत आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "तुमचं डोकं कसं आहे?"

तेवढ्यात डोक्यावरच्या फळ्यांतून एका बाईचा आवाज आला. "ड्रू, कुणाशी बोलतोयस रे?"

"घराखाली एक बाई सापडल्यात, आई."

"मग वर घेऊन ये त्यांना. चहा टाकलाय."

असं ते सुरू झालं. सतरा नंबरचं घर त्या दिवशी मोजायचं राहूनच गेलं.

ड्रूची आई, नोएलीन, सत्तरीला टेकलेली. वडील बारा वर्षांपूर्वी गेलेले. स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी मला बसवून तिने भोपळ्याचे गरम स्कोन, छोटे मऊ पाव, पुढे केले, आणि मी पहिला घास घेते न घेते तोच दुपारचं वादळ आलं. उन्हाळ्यात आमच्याकडे रोज येतं तसं, न सांगता. पत्र्याच्या छपरावर पाऊस असा कोसळला की बोलणं अशक्यच झालं. नोएलीन काहीतरी म्हणत होती, तिचे फक्त ओठ हलताना दिसत होते. शेवटी तीही हसली आणि गप्प झाली.

मग उरलं काय... तर बघणं. मी त्याच्याकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत होता. मी लोणी बघायला लागले. पुन्हा वर पाहिलं, तर तो अजून बघत होता. जरा लाजून त्याने समोरचं वर्तमानपत्र ओढलं, कडेला काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"तुमच्या केसांत कोळी आहे. मघापासून सांगू की नको असं चाललंय."

मी जागच्या जागी थिजले. तो उठला, माझ्या कानामागून हलक्या हाताने तो कोळी बोटावर घेतला आणि खिडकीबाहेर वेलीवर सोडून आला. त्याच्या बोटाला देवदाराचा आणि गंजलेल्या खिळ्यांचा वास होता. पाऊस थांबला तेव्हा मला वाटलं, इतक्यात कशाला थांबला?

ड्रूचा धंदा घरं उचलण्याचा. आमच्याकडे हा धंदा जुना आहे. घराखाली लोखंडी तुळया सरकवायच्या, चारी बाजूंनी जॅक लावायचे, आणि सगळं घर बोट बोट करत वर घ्यायचं. खाली ओंडक्यांची थप्पी रचत जायची, मग नवे उंच खांब. नदीकाठच्या गावात लोक पुराला घाबरून घरं उंच करून घेतात.

माझं काम बरोबर उलटं. जुन्या वस्तीतली एकशे चौदा घरं, जकातीची कचेरी, बंदरावरचं कोठार, टपाल कचेरीचा मनोरा, हे सगळं जसं होतं तसं राहील याची काळजी घेणं.

"म्हणजे तू घरं खाली दाबून धरतेस आणि मी वर उचलतो," तो एकदा म्हणाला. "आपलं जमणार कसं?"

"कोण म्हणतं जमवायचंय?"

"कोणी नाही. मी आपलं... घरांबद्दल बोलत होतो."

पण तो मला घरं दाखवायला लागला. मला ती समोरून ठाऊक होती. व्हरांड्याची लोखंडी जाळी, छपराचा उतार, दारावरची रंगीत काच. त्याला ती खालून ठाऊक होती. जकात अधिकाऱ्याच्या बंगल्याखाली नेऊन त्याने मला तुळईवर पेन्सिलीने लिहिलेली सुताराची सही दाखवली. एकशे तीस वर्षांपूर्वीची. खाली त्याच हाताने लिहिलं होतं, "आज फार उकडतंय."

"हे तुझ्या नोंदीत नाही," ड्रू म्हणाला.

"आता असेल."

"आणि कुणी दाखवलं ते लिहिशील का?"

"स्थानिक रहिवासी, असं लिहितात."

"नाव नाही?"

"नाव कमवावं लागतं," मी म्हणाले, आणि स्वतःच्याच धीटपणाचं मला नवल वाटलं.

नदीवरच्या पबच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा आहेत, प्रत्येक खुणेपुढे साल. एका शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं तिथे जिंजर बिअर घेऊन उभे होतो. त्याने मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि एका खुणेवर बोट ठेवलं. ते बोट माझ्या कपाळाशी आलं.

"हा माझ्या जन्माच्या वर्षीचा पूर," तो म्हणाला. "तू इथपर्यंत बुडाली असतीस."

"आणि तू काय केलं असतंस?"

"मी पाळण्यात होतो."

"आता आला तर?"

बोट कपाळावरून हललं नाही. "आता तुला खांद्यावर घेईन, पिप."

माझं नाव फिलिपा. पिप मला तोवर कुणीच म्हटलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात त्याने मला गावाबाहेर एक घर उचलताना बघायला बोलावलं. "बाहेरून काय बघतेस, आत बस," म्हणाला. आत कुणी बसायचं नसतं, हे मला नंतर कळलं. घरात मी एकटीच. बाहेरून ड्रूच्या हाका ऐकू येत होत्या, "पूर्वेकडे जरा... बास... आता सगळे मिळून." आणि घर कण्हल्यासारखं करत वर जायला लागलं. भिंतीच्या फळ्या एकेक करून कुरकुरल्या, एक दार आपोआप उघडलं आणि पुन्हा लागलं. मला भीती वाटली नाही. खाली कोण आहे हे मला माहीत होतं.

दुपारी काम संपलं तेव्हा दाराबाहेर पायऱ्याच नव्हत्या. जमीन एवढी खाली गेलेली. ड्रू शिडी घेऊन आला, पण ती लावेना. शिडी खांद्यावर घेऊन खालीच उभा.

"आधी एक सांग."

"काय?"

"रविवारी आईकडे जेवायला येशील?"

"दर रविवारी तर येते."

"तसं नाही." त्याने मान खाली घातली. "कामासाठी येतेस तसं नाही. माझी म्हणून..."

"शिडी लाव, ड्रू."

"उत्तर?"

"उत्तर खाली आल्यावर."

खाली आल्यावर मी उत्तर दिलं. शब्द लागले नाहीत. त्याचे दोघे मदतनीस ट्रकच्या पलीकडे जाऊन उगाच दोऱ्या गुंडाळत बसले.

आमच्या ऑफिसात मात्र हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ब्रिस्बेनहून नोकरीसाठी आलेली. रुजू झाले त्या दिवशी आमचे साहेब, लिंडन मार्श, मला म्हणाले होते, "हे गाव लहान आहे. इथे प्रत्येकजण कुणाचा तरी कोणीतरी लागतो. तू कुणाची नाहीस, म्हणून तुला घेतलं." मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता. मी कुणाची नाही. माझी शिफारस म्हणजे शिफारस. आणि मग मी कुणाची तरी झाले, तेव्हा ते सांगायला मला उगाचच लाज वाटू लागली. पुढच्या महिन्यात सांगू, असं म्हणत मी महिने ढकलत राहिले.

सप्टेंबरात ड्रूने जेवताना विषय काढला. "आईचं घर दीड मीटर उचलायचं म्हणतोय. मागच्या पुरात पाणी अंगणात आलं होतं. पुढचा आत येईल."

"मला काही होत नाही," नोएलीन म्हणाली. "मी नदी बघतच म्हातारी झाले."

"तुला नाही होणार, तुझ्या पियानोला होईल. पिप, अर्ज तुझ्याकडेच येणार ना? तुला अवघड वाटत असेल तर सांग. ऑफिसात सांगून टाकू आपलं. मग दुसरं कुणीतरी बघेल."

"अवघड कसलं," मी म्हणाले. "इतरांचे अर्ज येतात तसाच हाही येईल."

अर्ज आला. त्याच दुपारी लिंडन माझ्या टेबलाशी थांबले. "एकोणीस, चॅपल स्ट्रीट. पेडरसन. ओळखतेस?"

त्या प्रश्नात काही नव्हतं. ते चहाचा कप हातात घेऊन सहज उभे होते. मी हो म्हटलं असतं तर ते "बरं, मग मी बघतो" म्हणून फाइल घेऊन गेले असते.

"कामानिमित्त," मी म्हणाले. "कामानिमित्त ओळख आहे."

ते मान डोलावून निघून गेले. माझे कान तापले होते.

नियम असा होता की, जतन केलेल्या वस्तीत घराची उंची बदलायची नाही. आणि नियमाखाली एक अपवाद होता. पूर, आग किंवा राहणाऱ्यांची सुरक्षितता यांसाठी सल्लागाराला योग्य वाटलं तर उंची बदलता येईल. सल्लागार म्हणजे मी. त्याच वर्षी दुसऱ्या गल्लीतल्या एका घराला मी तो अपवाद दिला होता, दोन ओळींत, फारसा विचारही न करता.

या फाइलवर मी तीन दिवस घालवले. देऊन टाकावं असं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, उद्या कळलं तर लोक काय म्हणतील? आपल्या माणसासाठी नियम वाकवला. मग मी स्वतःला समजावलं की मी हे मन घट्ट करून करतेय, न्यायाने करतेय. मी लिहिलं, "एकोणीस ते एकोणतीस ही सहा घरांची सलग रांग आहे. त्यातलं एक घर उंच झाल्यास रांगेचं मूळ रूप कायमचं बिघडेल." फार सुंदर लिहिलं होतं मी. शेवटी, नामंजूर.

लिंडननी वाचलं. "कडक आहेस गं. मी बहुधा दिलं असतं." त्यांनी पेन उघडलं. "पण तू घर पाहिलंयस, मी नाही." आणि सही केली.

तेव्हाही फाइल मागे घेता आली असती.

पत्र मिळालं त्या संध्याकाळी ड्रू माझ्याकडे आला. मी दार उघडायच्या आधी पाठ केलेलं सगळं बोलणं विसरले. तो रागावला असेल असं मला वाटलं होतं. उलट तोच माझी समजूत घालायला लागला.

"तुला किती जड गेलं असेल," म्हणाला. "आईला मी सांगितलंय, पिपने लिहिलंय म्हणजे दुसरा रस्ताच नसणार. नियम आहे तर आहे. मी खालून खांब मजबूत करतो, मग बघू."

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडू लागले. त्याला वाटलं, मी वाईट वाटून रडतेय.

त्या रविवारी नोएलीनने पत्र घडी करून खणात ठेवलं. माझ्या ताटात नेहमीपेक्षा जास्त बटाटे वाढले. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, "खा गं. वाळत चाललीयस."

फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्यात, चक्रीवादळाचं शेपूट आमच्यावर येऊन बसलं ते हलेचना. आठ दिवस पाऊस. डोंगरातलं पाणी उतरायला दोन दिवस लागतात, त्यामुळे नदी आम्हाला सांगून सवरून चढली. ड्रूने आईचं सामान टेबलांवर चढवलं, गाद्या कपाटांवर टाकल्या. पियानो चौघांनाही उचलेना. तो त्यांनी विटांवर ठेवला, त्यापलीकडे काही करता आलं नाही. नोएलीनला होडीतून शाळेच्या हॉलमध्ये आणलं तेव्हा मी तिथे पांघरुणं वाटत होते. तिने माझ्याकडून पांघरूण घेतलं, माझा हात थोपटला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

पाणी घरात दोन दिवस होतं. उतरल्यावर आम्ही मोजलं. आतल्या जमिनीपासून एक मीटर वीस.

दीड मीटर मागितलं होतं.

चिखलाचा तो वास ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको. सगळा चॅपल स्ट्रीट झाडू आणि पाण्याचे पाइप घेऊन बाहेर आला होता. पियानोच्या पट्ट्या फुगून एकमेकींत अडकल्या होत्या. भिंतीच्या फळ्या सुटल्या होत्या, जमीन मध्येच पोटासारखी वर आली होती. नोएलीन एकदाच आली. दारातून आत पाहिलं, चष्मा पुसला, आणि "मला परत ने" एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मी आणि ड्रू पुढच्या खोलीत दोघंच होतो. तो पाइपने भिंत धूत होता, मी चिखल लोटत होते. केसांपासून बुटांपर्यंत आम्ही एकाच रंगाचे झालो होतो.

"आई आता इथे राहणार नाही," तो म्हणाला. "तूवूंबाला, वर डोंगरावर, मावशीजवळ एक फ्लॅट बघितलाय. विटांचा आहे."

"आणि तू?"

"तिचं लावून देईन. मग परत येईन... किंवा तू तिकडे येशील. कुठेही चालेल मला." पाइपचं पाणी त्याच्याच बुटांवर पडत होतं, त्याचं लक्ष नव्हतं. "पिप, लग्न करू या का आपण? असं विचारणार नव्हतो. आंघोळ करून, बरा शर्ट घालून विचारणार होतो. पण हे सगळं बघितलं आणि वाटलं, तू आहेस ना... मग बाकीचं गेलं तरी चालेल."

हो म्हणायला मला किती वेळ लागला असता? तोंडात शब्द आला होता. पण त्याच्या मागच्या भिंतीवर चिखलाची रेघ होती, सरळ, पट्टीने मारल्यासारखी. ती बघत हो कसं म्हणायचं मला समजेना. आणि ते मनात ठेवून त्याच्या घरात आयुष्यभर कसं वावरायचं, तेही समजेना.

"ड्रू, तो अर्ज मंजूर करता आला असता."

"काय?"

"नियमात अपवाद आहे. पुरासाठीच आहे. माझ्या शिफारशीवर होता. लिंडन तर मला म्हणालेसुद्धा, त्यांनी दिला असता."

त्याने नळ बंद केला. रस्त्यावरच्या झाडूंचे आवाज एकदम आत आले.

"मग तू का नाही दिलास?"

"आपलं कळलं तर लोक म्हणतील, हिने आपल्या माणसाला दिलं... म्हणून. मी ऑफिसात सांगितलंच नव्हतं."

"त्यांनी विचारलं होतं? माझ्याबद्दल?"

"हो."

"मग काय सांगितलंस?"

मी झाडूचा दांडा घट्ट धरला. "कामानिमित्त ओळख आहे, म्हणाले."

तो चिखलाकडे बघत बोलला. आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"दीड मीटर दिलं नाहीस, ते..." तो म्हणाला. "माणूस घाबरतो. ते मी कधीतरी विसरलो असतो. पण कामानिमित्त..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. नळ पुन्हा सोडला आणि तीच भिंत धुवायला लागला, जी आधीच स्वच्छ झाली होती. त्याने मला जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. मी झाडू भिंतीला टेकवला आणि बाहेर पडले. दोन आठवड्यांनी त्यांचा ट्रक गेला, हे मला सतरा नंबरवाल्यांकडून कळलं.

लिंडनना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला काढलं नाही. "शिक्षा हवी असेल तर काम कर," म्हणाले. नगरपालिकेने नदीकाठच्या घरांसाठी उंचीचा नियम बदलायला घेतला, त्याचा मसुदा मीच लिहिला. या वेळी वाक्यं सुंदर नव्हती. एकोणीस नंबर पेडरसनांनी विकलं होतं. दोन वर्षांनी नव्या मालकांचा अर्ज आला, दीड मीटर उंचीचा. रांगेतल्या सहाही घरांचे आले. मी सगळे मंजूर केले.

एकोणीस नंबरवर सही झाली त्याच शनिवारी मी गाडी काढली आणि तूवूंबाला गेले. आधी फोन केला होता. नोएलीन म्हणाली होती, "ये की. विचारतेस काय."

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. ती बारीक झाली होती, पण बोलणं तेच. "बघ, डोंगराच्या टोकावर, त्यातही दुसरा मजला. इथवर पाणी आलं तर सगळा देशच बुडालेला असेल."

मी नव्या अर्जाबद्दल सांगितलं. मग मनाशी ठरवलेलं बोलायला तोंड उघडलं, तशी तिने चहाचा कप माझ्या हातात दिला.

"मला माहीत होतं गं."

"ड्रूने सांगितलं?"

"त्याच्या आधीपासून. पत्र आलं त्या दिवसापासून. तुम्ही लोक महत्त्वाचं ते मागच्या पानावर छापता. अपवाद अमुक, अपील तीस दिवसांत. मला वाचता येतं, पोरी."

मी कप खाली ठेवला. "मग अपील का नाही केलंत?"

"केलं असतं तर चौकशी झाली असती. ही मुलगी कोण, तो मुलगा कोण. तुझं नाव खराब झालं असतं." तिने टेबलावरचा चुरा तळहाताने गोळा केला. "आणि ड्रू त्या दिवसांत भांडी घासताना गायचा. त्याचे वडील गेल्यापासून त्या घरात कुणी गायलं नव्हतं. म्हटलं, पाणी येईल तेव्हा येईल. तू मात्र कधीतरी सांगशील मला, असं वाटायचं. रविवारी बसायचीस ना माझ्यासमोर... मी वाट बघायचे."

त्या खोलीत मी खूप रडले. तिने अडवलं नाही. मग म्हणाली, ड्रू इथेच जवळ राहतो, केरिन नावाच्या एका मुलीबरोबर, ती शाळेत शिकवते, डिसेंबरात त्यांना बाळ यायचंय. "चांगली आहे," नोएलीन म्हणाली. "फक्त माझे स्कोन खात नाही. भोपळा आवडत नाही तिला." आणि आम्ही दोघी डोळे पुसत हसलो.

खाली गाडीशी पोचले तर तो समोरून येत होता. हातात आईसाठी पाव आणि दुधाची बाटली. दोघंही थांबलो. त्याच्या कानांजवळचे चार केस पांढरे झाले होते.

"पिप."

"आईंना भेटायला आले होते. निघालेच."

"बरं केलंस." त्याने पाव या हातातून त्या हातात घेतला. "घर उचलतायत म्हणे."

"पुढच्या महिन्यात."

"कोण?"

"बंडाबर्गचा हॅनसेन."

"माणूस बरा आहे, पण घाई करतो." तो डोळे बारीक करून माझ्या डोक्यावरून कुठेतरी बघत होता, जणू घर तिथेच उभं होतं. "त्याला सांग, मागचा, नदीकडचा कोपरा जपून. पुरानंतर तिथली माती सैल झाली असणार. तिथे ओंडके दुप्पट घे म्हणावं. आणि स्वयंपाकघराची बाजू सगळ्यात शेवटी. लक्षात राहील?"

"नदीकडचा कोपरा, ओंडके दुप्पट. स्वयंपाकघर शेवटी."

"हं."

"ड्रू... मी तेव्हा..."

"माहीत आहे," तो पटकन म्हणाला. आवाज मऊ होता. "मलाही तेव्हा तुझ्यामागे यायचं होतं. भिंत धुऊन झाली की निघू, असं म्हणत राहिलो. दिवसभर धुतली." तो जरासा हसला. "आईचं दूध तापतंय उन्हात. जातो."

तो जिन्यापर्यंत गेला, वळला नाही. मी गाडीत बसून नदीकडचा कोपरा, ओंडके दुप्पट, असं पुटपुटत राहिले.

हॅनसेनला मी सगळं शब्दशः सांगितलं. कुणी सांगितलं म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, "ड्रू पेडरसनने. त्याच्याच हातचे खांब आहेत हे." त्याने टोपी मागे सारली आणि दुप्पट ओंडके मागवले. घर एका दिवसात वर गेलं, एक फळीसुद्धा सुटली नाही.

संध्याकाळी मी ड्रूला कळवलं, "घर नीट वर गेलं." तासाभराने उत्तर आलं. "आईला सांगितलं. ती विचारतेय, स्वयंपाकघरातून आता नदी दिसते का?"

मी परत चॅपल स्ट्रीटवर गेले. नव्या मालकांना विचारून, कामगारांनी लावलेल्या तात्पुरत्या पायऱ्यांनी वर चढले. स्वयंपाकघर रिकामं होतं, नव्या रंगाचा वास येत होता. खिडकीशी उभी राहिले. शेजारच्या आंब्याच्या शेंड्यावरून नदी दिसत होती, रुंद, तपकिरी, संथ. तिच्यावर संध्याकाळचं ऊन पडलं होतं.

मी लिहिलं, "दिसते."

मग तिथेच जरा वेळ थांबले. उत्तर यायचं नव्हतं, आणि आलंही नाही.